नवव्या भागातला पाळणा

"परवाच तर पाच किलो नेलंस. खातोस का अंगाला फासतोस?"

गिरणीवाल्या शकूआक्का हुपरे माझ्या हातातल्या डब्याकडे बघत म्हणाल्या आणि गिरणीच्या पायऱ्यांवर बसलेल्या सगळ्या बायका हसल्या.

"पाहुणे आलेत," मी म्हणालो.

"गेल्या शुक्रवारीबी पाहुणेच होते."

"तेच आहेत अजून."

"मग आता त्यास्नी गाडीत बसवून दे. ठेव डबा रांगेत. वीज यायला दीड तास हाय."

एकट्या, बिनलग्नाच्या माणसाला आठवड्याला पाच किलो पीठ लागत नाही, हे त्या पायऱ्यांवरच्या प्रत्येक बाईला कळत होतं. माझ्या खोलीत खाटेखाली पिठाचे चार डबे भरून पडले होते. पाचवा मी कार्यालयातल्या शिपायाच्या गळ्यात मारला होता. तरी दर शुक्रवारी सकाळी नऊच्या ठोक्याला मी गहू घेऊन तिथे हजर असे, कारण मला पीठ नको होतं. मला आदल्या रात्रीचा भाग हवा होता.

ही पस्तीस वर्षांपूर्वीची, सांगलीतली गोष्ट. दर गुरुवारी रात्री टीव्हीवर 'कडी वाजली' नावाची मालिका लागायची. दर आठवड्याला नवी गोष्ट, नवी माणसं, नवं भूत. आता तिला अभिजात म्हणतात. तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता ती मुलं तिच्या सर्वोत्तम दहा भागांच्या याद्या करतात आणि त्यावरून एकमेकांच्या अंगावर धावून जातात. तेव्हा ती नुसती गुरुवारची मालिका होती आणि 'दैनिक प्रभातफेरी'त तिच्या प्रत्येक भागाचं परीक्षण मी लिहीत होतो. सदराचं नाव 'पडद्यासमोर' होतं. मी एकही भाग पाहिलेला नव्हता.

हे काम मला माझ्या रसिकतेमुळे मिळालं असा काहींचा समज आहे. तो खोटा आहे. आमचे संपादक बापूसाहेब शिरगुप्पे यांनी मला एके दिवशी केबिनमध्ये बोलावलं.

"मेढेकर, निधनवार्ता तुम्हीच लिहिता ना?"

"हो."

"चांगल्या लिहिता. माणूस जाईपर्यंतचं तुम्ही बघताच आहात. आता पुढचंही बघा. ही भुतांची मालिका सुरू होतेय, तिचं परीक्षण दर शनिवारी पाहिजे."

"बापूसाहेब, मला त्यातलं काही कळत नाही."

"कळायचंय काय? भूत दिसलं की लिहायचं. आणि हे बघा, तुम्ही चार वर्षं हंगामी आहात. सदर चाललं तर कायम करण्याचं बघू."

या शेवटच्या वाक्यावर मी हो म्हणालो. हंगामी उपसंपादक म्हणजे काय, हे जो चार वर्षं हंगामी राहिला आहे त्यालाच कळेल. मला दिवाळीला सुट्टी नव्हती, आजारी पडायची सोय नव्हती. बापूसाहेब खोकले तरी 'उद्यापासून येऊ नका' असं ऐकू येई. ते कायम होण्याचं पत्र मिळावं म्हणून मी भुतांचंच काय, भुतांच्या नातेवाइकांचंही परीक्षण लिहिलं असतं.

अडचण एकच होती. मला भुतांची भीती वाटते. वाटायची असं नव्हे, अजूनही वाटते. पहिल्या गुरुवारी मी घरमालकांकडे टीव्ही बघायला बसलो. पडद्यावर एक बंद दार आलं, त्याची कडी आपोआप हलली आणि माझी पाचावर धारण बसली. मी जे भिंतीकडे तोंड केलं ते जाहिरातींपर्यंत वळवलं नाही. घरमालकांची सात वर्षांची नात पडदा सोडून माझ्याकडेच बघत बसली होती. तिला मालिकेपेक्षा मीच जास्त मनोरंजक वाटलो असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परीक्षण द्यायचं होतं आणि माझ्याकडे लिहायला एक दार आणि एक कडी एवढंच होतं. त्यात घरातलं पीठ संपलेलं. डोकं धरून मी गहू घेऊन गावभागातल्या गिरणीत गेलो.

शुक्रवारी सकाळी आमच्या भागात दोन-अडीच तास वीज नसे. हे सगळ्यांना माहीत होतं, तरी बायका मुद्दाम शुक्रवारीच दळण घेऊन येत. डबे रांगेत लावायचे, पायऱ्यांवर बसायचं आणि शकूआक्काकडून आदल्या रात्रीचा भाग ऐकायचा, असा तिथला रिवाजच पडून गेला. काहींच्या घरी टीव्ही नव्हता. काहींच्या घरी होता, पण सासऱ्यांसमोर बसता येत नव्हतं. आणि ज्यांनी आदल्या रात्री सगळं डोळ्यांनी बघितलेलं असे, त्याही येत. बंद पडलेल्या जात्याला टेकून, भुवयांवर पीठ साचलेल्या त्या साठीच्या बाईंनी पहिला भाग सांगितला तेव्हा मी पोत्यावर बसून ऐकला. मला भीती वाटली, पण आजूबाजूला अकरा बायका आणि लख्ख ऊन होतं. मी तो तसाच कागदावर उतरवला, वर चार अवघड शब्द पेरले आणि परीक्षण दिलं. बापूसाहेब म्हणाले, "वा."

पुढच्या शुक्रवारी मी आक्कांना सगळं खरं सांगून टाकलं.

"म्हंजे तू भितोस," आक्का म्हणाल्या.

"हो."

"आणि पेपरात लिहितोस, भीतीचा लवलेशही नाही म्हणून."

"तसं लिहावं लागतं."

"लिही बाबा. मी सांगते, तू लिही. पण डबा आणत जा हातात. नुसता बसलास तर बायका काय म्हणतील?"

असं आमचं ठरलं. पिठावरून चारचौघींत माझी फिरकी घेणं, हाही त्यातलाच भाग. चौथ्या आठवड्यात माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. त्या शुक्रवारी रांगेत हौसाबाई मगदूम बसल्या होत्या. सुनेला शिळं वाढण्याबद्दल त्यांचं पेठेत नाव होतं. त्या दिवशी आक्कांच्या गोष्टीतलं भूत वाड्यात शिरलं ते सरळ म्हाताऱ्या मालकिणीच्या उशाशी गेलं आणि म्हणालं, "सून जेवली का?" मालकीण बोलेना. भूत म्हणालं, "मी बसतो. ती जेवली की जातो." हौसाबाई दळण न घेताच उठून गेल्या.

मी लिहिलं, 'भुताच्या तोंडी इतका घरगुती प्रश्न घालून दिग्दर्शकाने अमानवी शक्तीचे मानवीकरण आणि मानवाचे अमानवीकरण एकाच चौकटीत साधले आहे.'

शनिवारी आमचा मुद्रितशोधक गजानन माझ्या टेबलाशी येऊन घुटमळला. "मेढेकर, मी भाग बघितला. त्यात भूत काही बोललं नाही हो. नुसतं जिन्यावरून उतरत होतं."

मी चष्मा काढून पुसला. "तुम्ही मध्ये उठला होतात का?"

गजानन विचारात पडला. "पाणी प्यायला उठलो होतो खरा."

"तेव्हाच."

"अरेरे," तो म्हणाला आणि हळहळत परत गेला.

मी त्या दिवशी कार्यालयातून तडक गिरणी गाठली.

"आक्का, ते सून जेवली का, हे खरंच होतं टीव्हीत?"

"न्हाई," आक्का जराही न अडखळता म्हणाल्या. "थोडं घालावं लागतं रं. समोर कोण बसलंय बघून सांगायचं असतंय. त्यो मुंबईचा माणूस सगळ्या महाराष्ट्राला एकच सांगतोय, त्याला काय कळणार हौसाबाईचं?"

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण सदर जोरात चाललं होतं. वाचकांची पत्रं येत होती. महाविद्यालयातले प्रा. कवठेकर, जे आमचा पेपर फक्त रद्दी म्हणून घेत असत, त्यांनी 'मेढेकरांची सखोल दृष्टी' असा लेख लिहून पाठवला. रसिक मंडळात माझ्या परीक्षणांवर चर्चा झाली. तिथे एका गृहस्थांनी भुताच्या त्या प्रश्नाचा संबंध थेट उपनिषदांशी जोडला. गावात हजारो लोक तीच मालिका बघत होते. माझ्या परीक्षणातले अर्धे प्रसंग तिच्यात नव्हते आणि एकानेही तसं म्हटलं नाही. ज्यांनी भाग बघितला होता त्यांना वाटे, आपली डुलकी लागली असेल. ज्यांनी बघितला नव्हता ते तर जास्तच खात्रीने बोलत. मी हरभऱ्याच्या झाडावर चढत गेलो आणि वरून गाव छान दिसत होतं.

मग नववा भाग आला.

त्या शुक्रवारी पायऱ्यांवर अगदी कडेला सुरेखा कुंभार बसली होती. तिचं बाळ जन्मल्यावर आठव्या दिवशी गेलं होतं. दोन महिने ती घराबाहेर पडली नव्हती. सासूने बळेच डबा हातात देऊन तिला पाठवलं होतं. बायका तिच्याशी बोलत नव्हत्या, कारण काय बोलावं हे कुणालाच सुचत नव्हतं. ती डब्याच्या कडीशी चाळा करत खाली मान घालून बसली होती.

आक्कांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि सुरुवात केली.

"तर एक बंगला असतोय. नवरा दिवसभर कामाला, बाई एकटी. आणि त्या बंगल्यात भूत हाय. जुनं हाय, लई बेरकी. आजवर सात बिऱ्हाडं पळवून लावलेली. ते रोज येतंय, कवाड आपटतंय, आरडतंय. पण ही बाई काय पळंना. ती काय करती? तोंडावर बोट ठेवती. म्हणती, हळू. आत्ताच झोपलंय."

"कोण?" एकीने विचारलं.

"भूतबी तेच म्हणलं, कोण? बघतंय तर कोपऱ्यात पाळणा. आत वाकून बघितलं. आत काय न्हाई. नुसतं दुपटं. बाई रोज ते दुपटं धुती, वाळवती, परत घालती आणि झोका देत बसती. तिला सगळे वेडी म्हणत्यात. नवरा म्हणतोय, माहेरी जा."

सुरेखाने मान वर केली होती.

"मग भूत काय म्हणलं?" ती म्हणाली. दोन महिन्यांत ती बाहेरच्या कुणाशी पहिल्यांदाच बोलली असेल.

"भूत उभं ऱ्हायलं जरा वेळ. मग खाली बसलं, मांडी घालून. आणि म्हणलं, दोरी दे हिकडं. तू जेवून घे जा."

"मग ती जेवली?" सुरेखाने विचारलं.

"जेवली की. दोन भाकरी खाल्ल्या."

सुरेखा रडली नाही. तिने पदराने नाक पुसलं आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "सरका जरा, उन्हं आली." बायकांनी तिला मध्ये जागा करून दिली.

सगळ्या गेल्यावर मी आक्कांना विचारलं, "पाळणा होता का हो खरंच?"

"न्हाई रं. अर्धा तास नुसतं कवाड वाजत होतं. मला दोनदा झोप लागली."

"मग लिहू?"

"लिही की. कुणाचं काय जातंय?"

मी लिहिलं. ते परीक्षण मी बरं लिहिलं होतं असं मला आजही वाटतं, कारण त्यात अवघड शब्द सुचेचनात. जसं ऐकलं तसं उतरवलं. आठवड्याभरात मुंबईहून पत्र आलं. मालिकेचे दिग्दर्शक विश्राम तळवडेकर यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. 'माझ्या भागांमध्ये तुम्ही जे पाहता, ते मलाही पूर्वी कधी दिसले नव्हते. तुमची भेट घेण्यासाठी येत आहे.'

बापूसाहेबांनी ते पत्र चौकट करून भिंतीवर लावलं. त्या पत्राचा सरळ अर्थ एकच होता, की हा माणूस मला सगळ्यांसमोर उघडा पाडायला येतोय. पण बापूसाहेबांना पत्रातली मेख दिसली नाही, प्रा. कवठेकरांना तर त्यात विनम्रता दिसली. रसिक मंडळाने रविवारी संध्याकाळी पाच वाजता जाहीर कार्यक्रम ठेवला. 'दिग्दर्शक आणि समीक्षक : एक संवाद.'

"तुमचं कायम झाल्याचं पत्र स्टेजवरच देऊ," बापूसाहेब म्हणाले. "तळवडेकरांच्या हस्ते. पेपरचंही नाव होईल."

म्हणजे नोकरी मिळणार होती तीही त्याच माणसाच्या हातून आणि जाणार होती तीही त्याच माणसाच्या तोंडून. मी आजारी पडायचा विचार केला. पण हंगामी माणसाला आजारी पडता येत नाही, हे वर सांगितलंच आहे.

रविवारी सभागृह भरलं होतं. स्टेजवर आम्ही चौघं बसलो होतो, तळवडेकर, बापूसाहेब, अध्यक्ष म्हणून प्रा. कवठेकर आणि मी. समोरच्या टेबलावर शाल, नारळ आणि एक लांबट पांढरा लिफाफा. माझी नजर त्या लिफाफ्यावरून हटत नव्हती. मग ती एकदाची हटली, कारण बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत मला शकूआक्का दिसल्या. भुवयांवर पीठ नव्हतं म्हणून आधी ओळखूच आल्या नाहीत. इरकली लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन एकट्याच आल्या होत्या. मी त्यांना बोलावलं नव्हतं. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. मी दुसरीकडे बघितलं.

तळवडेकर पन्नाशीचे, देखणे, संथ बोलणारे. त्यांनी भीती म्हणजे काय यावर वीस मिनिटं भाषण केलं. कुणाला काही कळलं नाही, त्यामुळे सगळे प्रभावित झाले. मग त्यांनी खिशातून कात्रण काढलं. मी कागद लांबूनच ओळखला.

"मेढेकरांनी नवव्या भागाबद्दल लिहिलंय," ते म्हणाले. "रिकामा पाळणा. भूत झोका देतं. मी हे वाचलं आणि रात्रभर झोपलो नाही." ते थांबले. "मला आज तुम्हाला सगळ्यांना एक विचारायचंय. तुमच्यापैकी किती जणांनी तो पाळणा पाहिला?"

झालं, मी मनात म्हटलं, चार वर्षं पाण्यात गेली.

आणि प्रा. कवठेकरांनी हात वर केला. मागोमाग पहिल्या रांगेतले रसिक मंडळाचे सगळे पदाधिकारी. मग दुसरी रांग. बघता बघता सगळं सभागृह हात वर करून बसलं. गजाननचाही हात वर होता. ज्यांच्या भागात त्या गुरुवारी दिवे गेले होते त्यांचेही हात वर होते, हे मला पक्कं माहीत आहे, कारण दिवे गेल्याची बातमी मीच लिहिली होती. मी सुटलो होतो.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून शकूआक्का उठून उभ्या राहिल्या.

"साहेब," त्या म्हणाल्या. आवाज गिरणीच्या गोंगाटात कमावलेला, माईकची गरज नव्हती. "पाळणा नव्हता त्यात. मी बघितलाय भाग. त्यो पाळणा मी..."

पुढचं हशात बुडालं. कुणीतरी मागून म्हणालं, "आजी, चष्मा लावा." प्रा. कवठेकर माईककडे झुकले आणि गोड आवाजात म्हणाले, "बाई, बसा. सामान्य प्रेक्षक आणि जाणकार प्रेक्षक यांच्यातला फरक तो हाच. प्रतीक हे डोळ्यांनी दिसत नसतं."

आक्का बसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या. तळवडेकरही माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला कळेना.

"मेढेकर," ते म्हणाले, "तुम्ही काय म्हणता?"

माझ्यापासून हातभर अंतरावर तो लिफाफा होता. मला आक्कांचा भयंकर राग आला. ही बाई सगळ्या गावासमोर माझं सोंग उतरवायला उठली आहे, आपलं नाव व्हावं म्हणून माझ्या पोटावर पाय देते आहे, असं मला वाटलं. मी माईक ओढून घेतला.

"आक्का," मी म्हणालो, "पाळणा होता. कोपऱ्यात होता. तुमची नजर चुकली असेल."

टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या थांबेपर्यंत तळवडेकरांनी वाट बघितली. मग ते हसून म्हणाले, "मी तो मुद्दाम अंधारात ठेवला होता. ज्याला दिसायचा त्याला दिसावा." पुन्हा टाळ्या झाल्या.

"आसंल बाबा," आक्का म्हणाल्या आणि खाली बसल्या. हे मला ऐकू आलं नाही, त्यांच्या ओठांवरून कळलं.

मला शाल मिळाली, नारळ मिळाला, लिफाफा मिळाला. चहाच्या वेळी तळवडेकरांनी मला खिडकीपाशी बाजूला घेतलं आणि खांद्यावर हात ठेवला.

"अजून तेरा भाग काढायचेत," ते हळूच म्हणाले. "त्यात तुम्हाला काय काय दिसणार आहे, ते या खेपेला जरा आधी कळवा. शूटिंगच्या आधी."

मी हसलो. ते हसले. आम्ही दोघांनी बिस्किटं खाल्ली.

पुढचे चार दिवस मी कायम झालेल्या माणसासारखा वावरलो. बापूसाहेब खोकले तरी मला काही झालं नाही. शुक्रवारी सकाळी डबा घेऊन गिरणीकडे निघालो तेव्हा मात्र पाय जड झाले होते. आक्का चिडलेल्या असतील, चार बायकांत माझी लाज काढतील, अशी मी मनाची तयारी केली होती. ऐकून घेऊ, मग पाया पडू, असं ठरवलं होतं.

मी पोचलो तेव्हा गोष्ट चालू होती.

"...मग त्यो माणूस विहिरीपाशी गेला. आत बघितलं. आत भूत होतं. त्यो पडला. संपला भाग."

बायका वाट बघत बसल्या.

"आणि?" सुरेखाने विचारलं. ती आता दर शुक्रवारी येत असे.

"आणि काय न्हाई. एवढंच दाखवलं."

"विहिरीत भूत का होतं पण?"

"ते सांगितलं न्हाई त्यांनी."

गोष्ट पाच मिनिटांत संपली होती. वीज यायला दीड तास होता. बायका थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलल्या, मग एकेक बाई डबा रांगेतच ठेवून उठली. "नंतर येतो, आक्का," म्हणत सगळ्या घरी गेल्या. शुक्रवारी त्या पायऱ्या मी पहिल्यांदाच रिकाम्या बघितल्या. मी पोत्यावर बसलो.

"आक्का, चुकलो मी."

"कशाचं?"

"रविवारचं. तुम्ही सगळ्यांसमोर खरं सांगायला उठलात आणि मी..."

"खरं सांगायला कशाला उठंन मी?" आक्का जात्यावरचं पीठ झाडत म्हणाल्या. "मला वाटलं, त्यो मुंबईचा माणूस तुला धरायला आलाय. किती जणांनी बघितला म्हणून विचारलं त्यानं, तवा तुझं तोंड बघितलं मी. पांढरं पडलं होतं. म्हणलं, भर मी घातली, ह्या पोराची नोकरी कशापायी जावी? चूक माझ्या अंगावर घ्यावी आणि बसावं. पण बोलूच दिलं न्हाई कुणी."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटलेली नाही. त्या बाई मला वाचवायला उठल्या होत्या आणि मी त्यांना खोटं पाडून वाचलो होतो.

"मिळाली न्हवं नोकरी?" त्यांनी विचारलं.

"मिळाली."

"मग झालं तर."

"आक्का, आजचा भाग असा का सांगितलात? काहीच घातलं नाहीत त्यात."

आक्कांनी झाडणी खाली ठेवली आणि पायरीवर बसल्या. पहिल्यांदाच त्या मला म्हाताऱ्या वाटल्या.

"आता भरवसा वाटत न्हाई रं. पाळणा आसंलबी त्यात."

"नव्हता."

"मीबी तसंच म्हणत होते. पण एवढी शिकलेली माणसं. सगळ्यांनी हात वर केले. ज्यानं केलंय त्यो सोता म्हणला, मी ठेवला कोपऱ्यात. घरी येऊन लई विचार केला. त्या दिवशी मला मधी झोप लागली होती, दोनदा. गिरणीतल्या बायकांना विचारलं, तर त्या म्हणल्या, पेपरात आलंय म्हंजे आसंल. मग काय? मी अर्धवट झोपेत बघितलं आसंल आणि सकाळी मला वाटलं आपल्याच डोक्यातलं हाय. म्हणजे आजवर जे मी घातलं म्हणते, त्यातलं किती माझं आणि किती त्यांचं, देव जाणे. लोकांचं घ्यायचं आणि माझं म्हणून सांगायचं, हे बरं न्हाई. आता दिसंल तेवढंच सांगायचं."

"आक्का, तुमचाच होता तो पाळणा," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "तुम्ही सुरेखाकडे बघितलंत आणि घातलात. मी इथंच बसलो होतो. ते 'तू जेवून घे जा' तुमचं आहे. त्या तळवडेकराच्या सात पिढ्यांत असं कुणाला सुचायचं नाही. पाळणा नव्हता, आक्का. मी शपथेवर सांगतो."

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे, थट्टेनेही नव्हे. खरोखर उत्तर हवं असल्यासारखं.

"तू बघितलास व्हय भाग?" त्यांनी विचारलं.

वीज येईपर्यंत मी तिथे बसून होतो. मग आक्कांनी बटण दाबलं, जातं फिरायला लागलं आणि त्यांनी रांगेतला पहिला डबा पुढे ओढला.